वन्संना रोज एक गुलाब

कासलबार, काउंटी मेयो
६ मार्च २०२५

ती. वन्संना पद्मिनीचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळे खुशाल आहेत. माधवीच्या लॅपटॉपसमोर बसून एकेक अक्षर हुडकत हे लिहितेय, आणि त्याला कारण तुमची लाडकी नात शिवांगी.

काल इथे लेंट सुरू झालं. लेंट म्हणजे या लोकांचा चातुर्मासच समजा. ईस्टरपर्यंत प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं. काल माधवीबरोबर दुकानात गेले तर गल्ल्यावरच्या मुलीच्या कपाळाला राखेचं बोट, ब्रेड घेणाऱ्या आजोबांच्या कपाळाला तेच. मला वाटलं, आपल्यातलं कोणी येऊन अंगारा वाटून गेलं की काय. शिवांगीच्या वर्गात प्रत्येकाने काय सोडलं ते फळ्यावर लिहिलं म्हणे. तिने चॉकलेट सोडलं. घरी येऊन मला विचारते, आजी, तू काय सोडणार? मी म्हटलं, कारलं. ती हसली नाही. तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

आता वन्सं, तुम्हीच सांगा. मी वांगं सोडलंय, कांदा-लसूण सोडलंय, एका वर्षी चहासुद्धा सोडलाय. अकरा वर्षांच्या पोरीसमोर माघार घ्यायची म्हणजे आयुष्यभराच्या सगळ्या नेमांवर पाणी. मी म्हटलं, सोडला. तिने तिथल्या तिथे मोबाइल घेतला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात पुरणयंत्रामागे ठेवला. (हो, पुरणयंत्र मी इकडे आणलंय. विमानतळावर ते तपासायला तीन माणसं जमली होती.) जावई म्हणाले, चार्जिंगला लावूनच ठेवू, बंद राहिला की बॅटरी खराब होते. हृषीकेशना बॅटरीची फार काळजी. डब्लिनच्या कंपनीचं काम घरी बसून करतात, त्यामुळे घरातलं प्रत्येक यंत्र त्यांच्या पंखाखाली असतं.

ई-मेल चालेल असा निकाल शिवांगीने दिलाय, पण अटी आहेत. वर तारीख हवी, मायना हवा, आणि मजकूर पानभर तरी हवा. दोन ओळींचं असेल तर ते व्हॉट्सअॅपच धरलं जाईल.

आज पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. माधवी हॉस्पिटलमध्ये राउंडवर, आणि तिला एकामागून एक फोन. आईंची शुभ सकाळ आली नाही, बऱ्या आहेत ना? मिरजेच्या मावशी, भिशीचा ग्रुप, आमचा 'चिमण्या वाचवा'चा ग्रुप, सगळ्यांना मी गेले असंच वाटलं. माधवी वैतागून घरी आली. जावई म्हणाले, मी बघतो काहीतरी, आणि विषय मिटला.

सगळ्यांत सुखी तुम्ही असणार. माझ्या शुभ सकाळच्या गुलाबांचा कंटाळा आला असं चारचौघांत लिहून तुम्ही कुटुंबाच्या ग्रुपमधून बाहेर पडलात. तरी मी चिवटपणे तुम्हाला वेगळा गुलाब पाठवतच राहिले. आता ईस्टरपर्यंत तुम्ही सुटलात.

तुमची,
पद्मिनी


सांगली
८ मार्च २०२५

प्रिय पद्मिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मायना, तारीख, सगळं वेळच्या वेळी. शिवांगीला सांग, हे तिच्या आजोबांनाही आयुष्यात जमलं नाही. माझा भाऊ गुरुनाथ थेट 'पैसे पाठव'पासून सुरुवात करायचा.

तुझ्या व्रताबद्दल मी काही बोलणार नव्हते, पण राहवत नाही. चहा सोडलास त्या वर्षी तू दिवसातून चार वेळा कॉफी प्यायचीस, हे मी विसरलेले नाही. आता ऐक. बुधवारपर्यंत तुझा गुलाब आला. गुरुवारी आला नाही. काल शुक्रवारी सकाळी सहाच्या ठोक्याला आला आणि आजही आला. आजचा पिवळा होता. पाकळीवर दवबिंदू, खाली आयुष्य सुंदर आहे असा मजकूर. इथे सकाळचे सहा म्हणजे तुझ्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. म्हणजे पोरगी झोपली की तू कपाट उघडतेस. लाज नाही वाटत? माझ्यासाठी इतकी धडपड करायची काही गरज नाही. मी गुलाब बघतही नाही.

बाकी इथे तुझ्या चिरंजिवांचे फोन सुरू आहेत. राजीवने पुण्याजवळची ज्येष्ठांची वसाहत शोधली आहे आणि त्यांची गुळगुळीत कागदावरची पुस्तिका मला पाठवली आहे. पहिल्याच पानावर पाच-सहा म्हाताऱ्या हातात रॅकेट घेऊन हसताहेत. मी जन्मात रॅकेट धरली नाही, आणि हसायला मला कारण लागतं. आत्या, तिथे चोवीस तास डॉक्टर असतो, असं तो म्हणतो. मी म्हटलं, मग डॉक्टरला झोप कधी मिळते?

थट्टा पुरे. तू त्याची आई आहेस म्हणून तुला स्पष्ट लिहिते. मला माझ्या घरात राहायचं आहे. टेलिफोन खात्यात रात्रपाळ्या करून, कानाला ते यंत्र लावून मी हे घर घेतलं. इथे माझी खिडकी आहे, खालच्या मजल्यावर सुलेखा आहे, आणि कोणता नळ किती पिळायचा ते मला माहीत आहे. एकदा का मी कुठे धडपडले की राजीव मला उचलून नेईल, आणि तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे तोंड उरणार नाही. तोवर मला राहू द्या, एवढंच त्याला तुझ्या शब्दांत सांग. तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकल्यासारखं करतो.

व्रताला शुभेच्छा.

रोहिणी


कासलबार
१० मार्च २०२५

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

मी गुलाब पाठवलेला नाही. देवाशपथ नाही. तुमचं पत्र मी आज नाश्त्याला सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शिवांगीने उठून कपाट उघडलं. मोबाइल पुरणयंत्रामागे होता तिथेच, वर तिने लावलेली चिकटपट्टीसुद्धा जशीच्या तशी. तिने मला निर्दोष ठरवलं. माधवी हसली. जावई मान खाली घालून पोहे खात होते, त्यांना घरगुती भांडणं आवडत नाहीत. तुम्ही माझी फिरकी घेताय, नाहीतर जुनेच गुलाब पुन्हा बघताय. आणि बघत नाही म्हणता, मग दवबिंदू कसे दिसले?

मोबाइल नसल्यामुळे माझे दिवस एवढे लांब झालेत की काय सांगू. शनिवारी समोरच्या नोराबाईंनी दार वाजवलं. सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच राहतात. गावातली माणसं शनिवारी सकाळी तळ्याकाठी कचरा उचलायला जातात, येतेस का, असं त्यांनी विचारलं. मला एक लांब चिमटा दिला, पिवळं जाकीट दिलं, आणि पावसात उभं केलं. वन्सं, स्वच्छतेवर मी आजवर शेकड्याने संदेश पुढे ढकलले असतील, पण वाकून दुसऱ्याने टाकलेलं डबडं उचलण्याची ही पहिलीच वेळ. कंबर अजून बोलतेय. पण परतताना नोराबाईंनी चहा पाजला आणि माझ्या इंग्रजीला 'ग्रँड' म्हणाल्या. इथे सगळंच ग्रँड असतं, हवा सोडून.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक गंमत कळली. खिडकीला वर गुंडाळायचा पडदा आहे. रोज सकाळी उठल्यावर त्या आधी तो वर करतात, मग चहा. समोरच्या कोपऱ्यावर कॅथलीन नावाची त्यांची मैत्रीण राहते, ती आपल्या खिडकीतून बघते. पडदा वर म्हणजे नोरा ठीक. पडदा खालीच असला तर कॅथलीन किल्ली घेऊन निघते. गेली कित्येक वर्षं असं चाललंय. दोघी कधी त्यावर बोलत नाहीत, हातही हलवत नाहीत. मला म्हणाल्या, रोज रोज कोण बोलत बसणार? मला ही युक्ती फार आवडली म्हणून तुम्हाला कळवते.

राजीवशी बोलेन. पण वन्सं, रागावू नका, तो अगदीच चुकीचं बोलतोय असं मला म्हणवत नाही. तुम्ही एकट्या, त्यात तुमचा स्वभाव दुखलं तरी न सांगण्याचा. एकदा नुसती जाऊन ती जागा बघून या. रॅकेट धरायची सक्ती नसेल.

तुमची,
पद्मिनी


कासलबार
१९ मार्च २०२५

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

आठ दिवस उलटून गेले, तुमचं उत्तर नाही. माझ्या शेवटच्या परिच्छेदाचा राग आलेला दिसतो. लिहिताना वाटलंच होतं की जाऊन बघून या हे तुम्हाला झोंबेल. परवा माधवीच्या फोनवरून दोनदा तुम्हाला लावला, दोन्ही वेळा कट झाला. परदेशी नंबर उचलू नका, तो चोरांचा असतो, हे तुम्हाला मीच दहा वेळा फॉरवर्ड केलंय, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करू?

तुमचा राग जायला एक गंमत सांगते. सोमवारी इथे सेंट पॅट्रिकचा सण झाला. गावात मिरवणूक, ट्रॅक्टर काय, शाळांची बँडपथकं काय, सगळं हिरवं. आपल्या माधवीने हिरवी पैठणी नेसली, तर मिरवणुकीतल्या एका बाईने तिला थांबवून फोटो काढला. आणि त्या दिवशी म्हणे लेंटला सुट्टी असते. म्हणजे जे सोडलंय ते त्या एका दिवशी चालतं. अख्ख्या गावाला हे मान्य आहे. शिवांगीने सकाळी सातलाच चॉकलेटचा पुडा फोडला आणि मग मोठ्या मनाने कपाट उघडून मोबाइल माझ्यापुढे धरला. आजी, आज एक दिवस तुलापण.

मी घेतला नाही. मी म्हटलं, बाळा, आमच्याकडे नेमाला मधली सुट्टी नसते. एकादशीला दुपारी अर्धा तास जेवून घेतलं असं कोणी करतं का? जावई दोनदा म्हणाले, आई, बघा की, एकदा बघून ठेवून द्या. त्यांचा चेहरा का पडला होता कोण जाणे. मी हातसुद्धा लावला नाही. माधवीने हॉस्पिटलात ही गोष्ट सांगितली तर तिथल्या नर्सबाईंनी मला निरोप धाडला की तुम्ही इथल्या बिशपपेक्षा कडक आहात. वन्सं, मला एवढा अभिमान वाटला, आणि तो सांगायला तुमच्याखेरीज माणूस नाही, म्हणून लिहितेय.

राग सोडा. निदान रागावले आहे असं तरी लिहा. तेवढं पानभर सहज होईल तुमचं.

तुमची,
पद्मिनी


सांगली
२१ मार्च २०२५

प्रिय पद्मिनीस आशीर्वाद.

एका हाताने टाइप करते आहे, डाव्या. चुका पोटात घाल. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे.

मी रागावलेली नव्हते. मी पडले होते. बारा तारखेची गोष्ट. सकाळी पावणेसहाला उठले, चहाचं आधण ठेवायच्या आधी मोरीत गेले आणि पाय सरकला. मनगट गेलं ते तेव्हाच कळलं, आवाज आला. कमरेत अशी कळ की उठवेना. डोकं शाबूत होतं, कारण तिथे पडल्या पडल्या मला आधी राजीवची पुस्तिकाच आठवली.

फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. तो कसा मिळणार? मी दोनचार हाका मारल्या, पण सुलेखाचा मिक्सर चालू होता. मग सहा वाजले आणि फोनची टिंग वाजली. तुझा गुलाब आला.

तुला खरं सांगू, मला हसू आलं. मी म्हटलं, झालं, सुटले. तुला आजवर कधी बोलले नाही ते आता लिहिते. मी तुझ्या गुलाबांना नावं ठेवते, उत्तर कधीच देत नाही. पण चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत मी तो उघडते. गुरुनाथ गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. मला वाटायचं, तिकडे तुला ब्लू टिक दिसते, तुला कळतं, आणि आपण दोघी त्यावर बोलत नाही. तुझ्या त्या नोराबाईंच्या पडद्यावर मी आदल्या दिवशीच तुझं पत्र वाचून हसले होते. हिला वाटतं ही मला नवीन काही सांगते आहे, असं मनात आलं. म्हणून मी मोरीत निजून वाट बघितली. आता ती बघेल टिक निळी झाली नाही. व्रत कसलं पाळते आहे ती, रोज गुलाब धाडते म्हणजे फोन तिच्या हातातच आहे. अर्ध्या तासात सुलेखाकडे फोन येईल. मग म्हटलं तासाभरात येईल. ऊन मोरीच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि परत गेलं. दुपारी सुलेखा माझा डबा परत द्यायला आली, तिने हाका मारल्या, मग खालून किल्ली आणून दार उघडलं.

आता बरं आहे. सुलेखा करते आहे सगळं. तिला शपथ घातली आहे, राजीवला कळवायचं नाही. तूही कळवायचं नाहीस. मोडलं ते मनगट आहे, माझं घर नव्हे.

तू लिहिलंस की तू फोनला हातसुद्धा लावला नाहीस. मग गुलाब कोण पाठवतं? आणि तूच पाठवत असशील तर तू बघितलं का नाहीस, एवढंच मला सांग. मला तुझा राग आलेला नाही, पण वाईट वाटलं आहे; त्या दिवसापासून मी तुझा एकही गुलाब उघडलेला नाही.

रोहिणी


कासलबार
२२ मार्च २०२५

ती. वन्संना पद्मिनीचा नमस्कार.

काल फोनवर तुम्ही 'अगं ठीक आहे गं' एवढंच म्हणत राहिलात आणि मी रडण्याखेरीज काही केलं नाही. म्हणून जे बोलायचं होतं ते लिहिते.

तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी कपाटाकडे गेले आणि चिकटपट्टी ओरबाडली. शिवांगी शाळेतून नुकतीच आली होती. ती ओरडली, आजी, ईस्टर लांब आहे. मोबाइल उघडला. तुमच्या नावापुढे गुलाबांची रांग. मी एकही पाठवला नव्हता आणि रांग होती. अकरा तारखेपर्यंतचे सगळे निळे. बारा तारखेचा लाल गुलाब, त्याच्या टिक करड्या. तेरा करडी. चौदा करडी. पुढचे सगळे तसेच.

जावई माझ्या मागेच येऊन उभे होते. तेच ते. पहिल्या दिवशी माधवीला फोनवर फोन आले ना, तेव्हा त्यांनी माझ्या फोनमध्ये कसलीशी सोय करून ठेवली. रोज भारतातले सकाळचे सहा वाजले की माझ्या सगळ्या मंडळींना आपोआप एकेक गुलाब जाणार. लोकांच्या चौकशा थांबल्या, सगळे खूश. तुम्ही तक्रार लिहिलीत तेव्हा त्यांना सांगायचं होतं, पण मी निर्दोष ठरल्याचा एवढा आनंद साजरा केला की त्यांना धीर झाला नाही. बिचारे म्हणाले, आई, मला वाटलं पाठवणं महत्त्वाचं. सगळ्या जगाला तसंच वाटतं.

वन्सं, मी बघायचे. रोज बघायचे. गुलाब हा नुसता बहाणा. हे गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाले होते, ताईकडे लक्ष ठेव, पण तिला कळू देऊ नकोस, कळलं तर ती तुला घरात घेणार नाही. मग मी काय करणार? रोज फोन केला असता तर तुम्ही दोन दिवसांत झापलं असतं. गुलाब पाठवला की तुम्ही चिडायच्यात, पण निळं व्हायचं. ते झालं की मी आंघोळीला जायचे. तुम्ही ग्रुप सोडलात त्या दिवशी माझा जीव खाली-वर झाला, म्हणून तर निर्लज्जासारखा वेगळा पाठवायला लागले. बाकी शंभर जणांना पाठवायचे ते तुम्हाला एकटीला पाठवलेला दिसू नये म्हणून.

आणि लेंटला हेच कसं विसरले, असं विचाराल. विसरले नव्हते. मी माधवीला सांगितलं होतं, आत्याला अधूनमधून बघत जा. तिला वाटलं, तिच्या नवऱ्याने सोय केलीय, गुलाब जाताहेत, म्हणजे झालं. मला वाटलं, ती बघतेय. तुम्हाला वाटलं, मी बघतेय. आणि सोमवारी शिवांगीने तोच मोबाइल माझ्या नाकासमोर धरला होता. मी नेमाच्या तोऱ्यात हात मागे घेतला आणि वर तुम्हालाच पत्रातून मिरवून दाखवलं. ते आठवलं की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं. चुकले मी. तुम्ही दिवसभर त्या ओल्या फरशीवर, आणि मी दोनच दिवस आधी तुम्हाला नोराबाईंच्या पडद्याचं कौतुक लिहिलं होतं.

रडत होते तेव्हा मी शिवांगीला म्हटलं, माझा नेम मोडला गं. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या त्या आयरिश हेलातल्या इंग्रजीत म्हणाली, आजी, तू पाठवणं सोडलं होतंस, बघणं कुठे सोडलं होतंस? ते लेंटमध्ये येतच नाही. तिला म्हणे इथल्या सगळ्या पोरांना माहीत आहे. नोराचा पडदा बघायला कॅथलीन चर्चमधूनसुद्धा मधेच उठून येते, आणि फादर काही बोलत नाहीत.

आता माझी अट. जावयांची ती सोय मी बंद करायला लावली. राजीवला मी सांगणार नाही, पण उद्यापासून पडदा तुम्ही वर करायचा. सकाळी उठल्यावर तुम्ही मला काहीतरी पाठवायचं. काहीही, नुसता एक ठिपका चालेल. इथे मी उठले की आधी तो बघणार. नाही आला तर सुलेखाला फोन. मी महिनाअखेरीला येतेच आहे एप्रिलच्या, थेट सांगलीला, पण तोवर हे हवंच.

तुमची,
पद्मिनी


सांगली
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

प्रिय पद्मिनीस अनेक आशीर्वाद. सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा.

राजीवला कळलं. सुलेखाने शपथ पाळली, पण तिच्या नवऱ्याला कोणी घातली नव्हती. बुधवारी तो हजर झाला, हातात तीच पुस्तिका. प्लास्टर बघून माझ्यापुढे बसला आणि मान खाली घालून रडला. मला वाटलं होतं भांडेल, त्याची मी तयारी केली होती. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. म्हणाला, आत्या, तुला काही झालं असतं तर बाबांना मी काय सांगितलं असतं?

मी त्याला माझा फोन दिला. म्हटलं, बघ. रविवारपासून रोज सकाळी मी एक ठिपका पाठवलाय, आणि रोज दुपारच्या आत तो निळा झालाय. मंगळवारी चष्मा सापडेना म्हणून मला उशीर झाला, तर कासलबारहून सुलेखाला फोन, ती धापा टाकत वर, आणि मी आरामात चहा पीत बसलेली. सुलेखाने मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मी राजीवला म्हटलं, माझ्यावर डोळा ठेवणारं माणूस आहे, ते आयर्लंडात बसतं एवढंच. त्याने बोटाने एकेक ठिपका मोजला. मग मोरीत गेला, भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला, खरखरीत फरशीसाठी माप घेतलं. दिवाळीपर्यंत बघू, म्हणाला. पुस्तिका इथेच विसरून गेला. मुद्दाम विसरला असेल, पण मी ती मिक्सरखाली घातली आहे, फार हलायचा तो.

आज गुढी सुलेखाने उभारली, मी एका हाताने गाठी बांधली. तुझ्या नातीने काल मला पहिल्यांदा स्वतःहून फोटो पाठवला. नोराबाईंची खिडकी, पडदा अर्धा वर, आणि आत कपबशी. खाली मराठीत लिहिलंय, ग्रँड. तिच्या आजीचं व्रत मोडलेलं नाही असं मीही तिला कळवून टाकलं. ज्येष्ठ म्हणून माझा निकाल शेवटचा.

तेव्हा तुझी अट मान्य आहे, फक्त एक बदल. आज सणाच्या दिवशी नुसता ठिपका पाठवताना मला कसंतरी वाटलं. ठिपका तार आल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, आजच्या दिवस एक गुलाब पाठवावा. तुझे आले तेवढे सगळे माझ्याकडे आहेत, गुरुनाथ गेल्यानंतरच्या पहिल्यापासून. एकही पुसलेला नाही. फोन रोज जागा संपली म्हणून ओरडतो, सुलेखा म्हणते पुसून टाका, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. पण त्यातलाच एखादा परत तुलाच पाठवायचा हे काही बरं दिसत नाही.

तर शिवांगीला विचारून कळव, नवे गुलाब कुठे मिळतात.

तुझी,
रोहिणी